एकाच झाडावर दोन औषधं

३ नोव्हेंबर, सोमवार

टिपण नसलेल्या बागेवर मी सल्ला देत नाही. कुठलं औषध, किती प्रमाण, कधी मारलं, नंतर काय दिसलं, हे लिहून ठेवा आणि मग मला बोलवा, असं पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष बागाईतदारांना सांगून सांगून मी दमलो. तोच नियम आता स्वतःला लावतो.

तक्रार: शीघ्रपतन.

हा शब्द लिहिताना पेन दोनदा उचललं. पण तक्रारीचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहिणं हा अडाणीपणा झाला.

आज शरणपूर रोडला डॉ. कुलथेंकडे गेलो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं आडनाव दिलं होतं. मी समजलो, कोणी पन्नाशीचा गृहस्थ असेल. आत पस्तिशीची बाई. दारावर पाटी ‘मनोविकारतज्ज्ञ’. मी उभ्यानेच म्हटलं, “मॅडम, माझा प्रॉब्लेम मनाचा नाही.”

“बरं. मग कुठला आहे? बसून सांगा.”

मी तांत्रिक भाषेत सांगितलं. आपली मुलगी दिशा हिच्याहून थोडीशीच मोठी वाटते, अशा बाईसमोर तांत्रिक भाषाच बरी. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, गेल्या फेब्रुवारीपासून. त्याआधी लग्नाला एवढी वर्षं झाली, काही तक्रार नाही.

“फेब्रुवारीत काय झालं होतं?”

“द्राक्षाची काढणी.”

“झोप कशी आहे?”

“कमी. पण छाटणीनंतर आमच्या धंद्यात सगळ्यांचीच कमी.”

“भूक? कामात लक्ष?”

या प्रश्नांचा तक्रारीशी संबंध नाही, असं मी नम्रपणे नोंदवलं. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि गोळी दिली. पॅरोक्सेटिन, रोज एक, संध्याकाळी जेवणानंतर. म्हणाल्या, “हे मुळात डिप्रेशनचं औषध. पण त्याच्या परिणामांपैकी एक असा, की वेळ लांबते. आपण तो वापरणार आहोत.”

हे मला एकदम पटलं. मी त्यांना सांगितलं, द्राक्षाचे मणी फुगवायला आपण जीए हे जे संजीवक वापरतो, ते मुळात भाताच्या एका रोगात सापडलं. रोगाने रोपं उंच व्हायची, माणसाने त्यातला गुण उचलला. त्या म्हणाल्या, “हो का? मला माहीत नव्हतं.” असं कबूल करणारा डॉक्टर मी आजवर पाहिला नव्हता.

पर्याय विचारले. सर्ट्रालिन आहे, फ्लुओक्सेटिन आहे. डॅपॉक्सेटिन रोज घ्यायचं नसतं, आयत्या वेळी आधी घ्यायचं. सगळ्यांत भारी कुठलं? “अभ्यासांमध्ये सरासरीत पॅरोक्सेटिन पुढे दिसतं. पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. एक धरू, थोडा वेळ देऊ. मनाने बदलायचं नाही, मनाने बंद करायचं नाही. घड्याळ लावायचं नाही. आणि पुढच्या वेळी मिसेसना आणा.”

मी म्हटलं, ती कामात असते.

कामात असते हे खरं आहे. ही येवल्याची, माहेरी पैठणीचे माग. इंदिरानगरच्या घरातूनच साड्या विकते, दिवसभर व्हिडिओ कॉलवर पदर दाखवत असते. दिशा नोकरीला पुण्याला गेली तेव्हापासून ही दिशाच्या खोलीत झोपते. आपल्या खोलीतला पंखा आवाज करतो म्हणाली. मी पंखा उतरवला, उघडला, तेल घातलं, परत चढवला. आवाज गेला. ही काही आली नाही.

तिने परत यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. बाकी वयाप्रमाणे जे व्हायचं ते होवो.


६ नोव्हेंबर, गुरुवार

निरीक्षण: मळमळ, विशेषतः सकाळी. जांभया. झोप येत नसताना जांभया येतात, ही गोष्ट औषधाच्या कागदावर आहे. अमेरिकेतला एक शोधनिबंध डिक्शनरी घेऊन वाचला. बारावीला इंग्रजीत नापास झालेल्या माणसाने औषधाच्या लेबलांवरून इंग्रजी शिकलं, तर असे निबंध वाचायला जड जात नाहीत. कवितेचं मात्र काही कळत नाही.

निबंधात अर्ध्या लोकांना खरी गोळी देतात, अर्ध्यांना पिठाची. आपल्याकडे आपण फवारणी तपासताना एक ओळ कोरी सोडतो, तसंच. अडचण अशी, की माझ्याकडे झाड एकच. कोरी ओळ कुठून आणू?

ओझरच्या चिमाजीचा फोन आला. पानं करपली. खोदून विचारलं, तेव्हा कबूल झाला की सोमवारी माझ्या सांगण्याने फवारलं आणि बुधवारी दुसऱ्या सल्लागाराच्या सांगण्याने. त्याला वाटलं, दोघांचं घेतलं तर दुप्पट गुण येईल. मी झाडला त्याला. “चिमाजी, एक नवरी दोन मांडवांत बसवतोस होय रे? आणि वर मला विचारतोस, वऱ्हाड का भांडलं!” अशा लोकांची मला कीव येते.


११ नोव्हेंबर, मंगळवार

मळमळ कमी.

शौकतच्या बागेत गेलो होतो. शौकत माझा मित्र, पिंपळगावच्या पुढे हायवेला लागून त्याची बाग. परतताना एक्स्पोर्ट कंपनीची पांढरी गाडी समोरून आली. पूर्वी मी या कंपनीचा सल्लागार होतो. गेल्या हंगामात काढणी ऐन भरात असताना त्यांनी कळवलं, की आता सल्लागार कृषी पदवीधरच हवा, परदेशी गिऱ्हाईक कागद मागतं. मी म्हटलं, ठीक आहे. तो विषय तिथे संपला, त्यावर मी विचार करत नाही. फक्त ती गाडी दिसली की मी मोटारसायकल बाजूच्या शिवाररस्त्याला घालतो, कारण हायवेला धूळ फार.

आज घातली नाही. गाडी थांबली, आतल्या पोराने, माझ्या जागी घेतलेल्या पदवीधराने, काच खाली केली. “सर, नमस्ते. खालच्या पानांवर तेलकट डाग दिसताहेत, डावणीच असेल का?” मी उतरलो, पान उलटं करून पांढरी बुरशी दाखवली, समजावून सांगितलं. पोराने ऐकून घेतलं.

घरी येऊन आंघोळ करताना मी गात होतो, असं हिने सांगितलं. मला आठवत नाही. दार उघडलं तर ही बाहेर पैठणीची घडी हातात धरून उभी. “काय झालं?” मी विचारलं. “काही नाही,” म्हणाली आणि हसली.

या दोन गोष्टी कुठल्या रकान्यात टाकाव्या कळत नाही. मूळ तक्रारीशी संबंध नाही. ‘असंबद्ध’ असं लिहून ठेवतो.


१५ नोव्हेंबर, शनिवार

औषध चालू आहे, पण गुण येतोय की नाही हे तपासायची संधीच नव्हती. ही त्या खोलीत, मी या खोलीत. फवारणी चोख आणि वेलीवर घडच नाही, अशी गत.

आज दुपारी संधी आली. ही कपाटातून साडीचे बॉक्स काढायला आली, बोलत बसली, मीही बोललो. पिंपळगावच्या त्या पोराचं सांगितलं. पुढचं लिहीत नाही.

निष्कर्ष: फरक आहे. स्पष्ट फरक आहे. पॅरोक्सेटिनचं नाव निबंधात उगाच नाही.

पण मध्येच हिने विचारलं, “किती वाजले?”

मी बरोबर वेळ सांगितली. भिंतीवरचं घड्याळ मला तिथून चांगलं दिसतं. डॉक्टरांनी घड्याळ ‘लावू नका’ म्हटलं होतं; भिंतीवर आधीच लावलेलं आहे, त्याला मी काय करणार?

नंतर ही उठली, साडी सारखी केली आणि बॉक्स घेऊन दिशाच्या खोलीत गेली. वेळ विचारली, त्याअर्थी कोणाला तरी व्हिडिओ कॉलवर माल दाखवायचा असेल. पण कॉलचा आवाज काही ऐकू आला नाही.

आता मला समजत नाही. औषधाने काम केलं, पण ज्यासाठी घेतलं ते झालं नाही. शेतकरी असं म्हणाला असता तर मी काय म्हटलं असतं? गुण अपुरा. मात्रा किंवा औषध, दोन्हींपैकी एक बदला.


१७ नोव्हेंबर, सोमवार

विचार करून निर्णय घेतला.

एकच औषध लागोपाठ मारलं की बुरशी सरावते. म्हणून गट बदलून फवारायचं, हे मी स्वतः लोकांना शिकवलं. शिवाय तुलना केल्याशिवाय कुठलं भारी हे कळणार कसं? डॉ. कुलथे बदलून देणार नाहीत, त्या ‘थोडा वेळ देऊ’ म्हणतील. पंचवटीत एक वयस्क डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. आधी काही औषध घेतलं का, विचारलं. नाही म्हटलं. आधीचं सांगितलं की नव्या माणसाचं मत स्वतंत्र राहत नाही. त्यांनी सर्ट्रालिन दिलं. मी मनात म्हटलं, हेच हवं होतं.

कालपासून पॅरोक्सेटिन बंद. आजपासून सर्ट्रालिन. पहिली पट्टी टाकून दिली नाही, बॅगेत जीएच्या पुड्यांशेजारी ठेवली. नमुना जपून ठेवावा.


२० नोव्हेंबर, गुरुवार

विचित्र.

मान वळवली की डोक्यात शॉक बसल्यासारखं होतं. दुखत नाही. विजेच्या कुंपणाला ओल्या हाताने बोट लागावं तसं, पण कवटीच्या आतून. चक्कर. रात्री भलतीच स्वप्नं. मोटारसायकल शिस्तीत चालवली.

घरात चिडचिड झाली. ही म्हणाली, वाटाणे सोलून द्या. सोलता सोलता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कांदा जवळपास नव्हता. ही बघत होती. मी म्हटलं, “वाटाण्याला फवारणी जास्त झालेली दिसते.” तिने एक वाटाणा उचलून वास घेतला आणि ठेवून दिला.

हे नव्या औषधाचं येणं आहे की जुन्याचं जाणं? दोन्हींच्या कागदावर चक्कर लिहिलेली आहे. मळमळ परत आली, तीही दोन्हींत आहे. तक्रारीत गुण आहे की नाही, हा प्रश्नच येत नाही, कारण ही परत आपल्या खोलीत डोकावलीसुद्धा नाही.

निबंधात या गोंधळाला एक नाव आहे. त्या पानावर डोळे ठरत नाहीत.


२२ नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

शौकतच्या बागेत होतो. फुलोऱ्याआधीची जीएची फवारणी. शौकत टाकीजवळ, मी ओळीत घड बघत. त्याने विचारलं, “भाऊ, प्रमाण?”

मी म्हटलं, “चाळीस पीपीएम.”

शौकत हसला. मग हसायचा थांबला. “जयरामभाऊ, दहाचे चाळीस कधीपासून झाले? चाळीसनं देठ काठीवानी होतील, तुम्हीच शिकवलं नं.”

मी म्हटलं, दहाच म्हणालो. तो म्हणाला, “नाय भाऊ. चाळीस म्हणाले. मी लगेच टाकीत घालणार होतो, तुमच्यावर इतका भरोसा. अल्लानं मला विचारायची बुद्धी दिली.”

मी वर बघितलं आणि मांडव फिरला. पुढचं आठवतं ते, वेलींखालच्या मातीच्या बोदावर बसलो होतो. शौकतची बायको रोशनबी घरातून साखर-पाणी घेऊन आली. शौकत पंच्याने वारा घालत होता. “भाऊ, शुगर-बिगर हाय का? बीपी? का भाभीनं जेवू घातलं नाय?” मी म्हटलं, ऊन. रोशनबी म्हणाली, “थंडीचे दिवस आन ऊन कुठलं, भाईजान?”

शौकतने गाडीत घालून इंदिरानगरला आणून सोडलं. दारात हिला म्हणाला, “भाभी, भाऊ बागेत बसून पडले. अन् औषधाचं प्रमाण चुकले.”

बसून पडलो हे ऐकून हिच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. प्रमाण चुकलो म्हटल्यावर ती मटकन सोफ्यावर बसली.


२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठलो तर उशापाशी तांदळाची खीर. सणवार नाही.

ही बोलताना आवाज खाली ठेवते, दवाखान्यात ठेवतात तसा. “पंखा लावू का? नको? बरं, नको तर नको.” दिशाचा पुण्याहून फोन आला, नेहमी आईला येतो, आज मला. “बाबा, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंय. तुमच्याशिवाय आम्हाला कोणी नाही, कळलं ना?” मी म्हटलं, मग? ती रडायला लागली. पोरीला नोकरीत त्रास दिसतो, विचारलं पाहिजे.

दुपारी येवल्याहून संतोष आला, हिचा भाऊ. माग सोडून रविवारी येणारा माणूस नाही. माझ्या शेजारी बसला, मांडीवर थाप मारली. “भावजी, डिग्रीवाले येतात नि जातात. कागदानं कुठं पैठणी विणता येती?” मी म्हटलं, तू पैठणी विणतोस, तुला कोण कागद मागतंय? म्हणाला, “तेच म्हणतोय मी.” मग गुडघ्याला तेल लावून द्यायला लागला. माझा गुडघा दुखत नाही.

सगळे मिळून काहीतरी लपवताहेत. हिला काही आजार निघाला की काय? मला धास्ती बसली.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

उलगडा झाला. आणि जास्त घोळ झाला.

शनिवारी मी पडलेला असताना हिने माझी बॅग उपसली, डॉक्टरची चिठ्ठी मिळते का बघायला. दोन पट्ट्या सापडल्या. पट्ट्यांचे फोटो दिशाला पाठवले. दिशाने सांगितलं, आई, ही दोन्ही डिप्रेशनची औषधं आहेत, एक नाही, दोन-दोन.

आज सकाळी संतोष गेल्यावर ही समोर येऊन बसली. हातात दोन्ही पट्ट्या.

“मला का नाही सांगितलं?”

“काय सांगायचं?”

“तुम्हाला आतून किती वाटतंय ते. मला काय दिसत नव्हतं? कंपनीनं असं केल्यापासून—”

“कंपनीचा काय संबंध?”

“मग या गोळ्या?”

माझी काय अवस्था झाली ते लिहिणं अवघड आहे. डिप्रेशन आहे म्हणावं, तर ते साफ खोटं. मला डिप्रेशन नाही. नाही म्हणावं, तर खरं सांगावं लागणार. पट्टीवरचं नाव मी दोनदा वाचलं. शेवटी म्हटलं, “त्यासाठी आहेत.”

“कशासाठी?”

“अगं, त्यासाठी.”

“नीट बोला. त्यासाठी म्हणजे?”

मी बोटाने खोलीकडे दाखवलं. पलंगाकडे. तिने खोलीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सावकाश तिच्या लक्षात आलं. मी समजलो, आता हसणार. पण ती भडकली.

“आणि मी पोरीला फोन करून रडले! संतोषला मागावरून उठवून आणलं! त्यानं तुमचे पाय चेपले! आता त्या दोघांना मी सांगू काय?”

“डिप्रेशनच सांग,” मी म्हटलं.

तेव्हा हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसण्यासारखं काही दिसेना. दोन बदनाम्यांपैकी मी हलकी निवडली, बस.

हसू थांबल्यावर म्हणाली, “पण त्यावरून तुम्हाला कोणी बोललं होतं का?”

“तू उठून त्या खोलीत गेलीस.”

“त्यासाठी गेले, असं वाटलं तुम्हाला?”

“मग कशासाठी? पंखा तर मी दुरुस्त केला.”

ती पट्टीची घडी घालत बसली. पट्टीची घडी होत नाही. “काढणीपासून तुम्ही घरात काय बोललात, सांगा. मीठ दे. पाणी दे. चार्जर कुठंय. रात्री छताकडे बघत पडायचं. मी विचारलं, काय झालं, तर काही नाही. काही नाहीच्या शेजारी माणसानं किती दिवस झोपायचं हो?”

मी पंख्याकडे बघितलं.

“आणि त्या दिवशी किती बरं बोलत होतात. मला वाटलं, आले माझे परत. तर घड्याळाकडे बघताय! मी काय कुकर आहे, शिट्ट्या मोजायला?”

यावर मी खुलासा करणार होतो, की निरीक्षण नोंदवण्यासाठी वेळ आवश्यक असते. केला नाही.

मीठ, पाणी, चार्जर. आठवून पाहतोय. आणखीही काही बोललो असेन. मोबाईलचं बिल. बहुतेक.

तरी माझं मत कायम आहे. डिप्रेशन म्हणजे उदास बसणं. मी बसलोच नाही, रोज बागा फिरलो.


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ही स्वतःहून डॉ. कुलथेंकडे आली. निघताना नवी साडी नेसली, मी म्हटलं आपण दवाखान्यात चाललोय. म्हणाली, “एवढ्या वर्षांनी नवरा बाईमाणसाकडे घेऊन चाललाय, जरा बरं दिसायला नको?”

मी सगळं खरं सांगितलं. पंचवटीचंही. डॉक्टर चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. “पॅरोक्सेटिन एकदम तोडल्यावर असे शॉक बसतात. ते हळूहळू कमी करत सोडायचं असतं. आणि त्याच दिवसांत दुसरं चालू. तुमच्या एखाद्या शेतकऱ्याने असं केलं असतं तर?”

चिमाजीचं त्यांना सांगायचं काही कारण नव्हतं.

मी विचारलं, निदान आता तुलना तरी सांगा, दोन्हींत कुठलं सरस?

“तुलना आता होऊ शकत नाही. पहिल्याला पुरता वेळ दिला नाहीत, दुसऱ्याचे सगळे दिवस पहिल्याच्या त्रासात गेले. प्रयोग तुम्हीच बिघडवलात.”

आयुष्यात हे वाक्य मी इतरांना किती वेळा ऐकवलं असेल. कोणी मला ऐकवलं नव्हतं.

मग ही मध्ये बोलली. “मॅडम, मला विचारा ना.” आणि तिने सांगितलं. पहिली गोळी चालू झाल्यावर पहिल्या दिवसांत नुसत्या जांभया. मग एक दिवस गायले. मग जेवताना दुसऱ्यांदा भाजी मागितली. कंपनीच्या पोराचं सांगताना त्या पोराची नक्कल केली. मग गोळी बदलली असणार, कारण वाटाणे सोलताना रडले. आता दोन दिवसांपासून पुन्हा पेपर मोठ्याने वाचताहेत. यातलं निम्मं मी ‘असंबद्ध’मध्ये टाकलेलं, निम्मं मी पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरांनी ठरवलं: आता सर्ट्रालिनच ठेवायचं, कारण शरीर आता त्यावर आलंय. आणखी उलटसुलट नको. पंचवटीला जायचं नाही. विचारलं, “पण आपण हे चालू ठेवतोय कशासाठी, ते तुमच्या दोघांच्या तोंडून ऐकू दे.”

मी म्हटलं, “वेळेसाठी.”

ही त्याच वेळी म्हणाली, “हे बोलतात, तेवढ्यासाठी.”

डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं ते मी टेबलापलीकडून वाचायचा प्रयत्न केला. लेबलांमुळे मला उलटं वाचता येतं. पण डॉक्टरचं अक्षर सुलटंही येत नाही.

बाहेर आल्यावर हिला विचारलं, त्यांना नक्की कुठला आजार वाटतोय? ही म्हणाली, “मला काय विचारता? मला उसाचा रस प्यायचाय.”


२ डिसेंबर, मंगळवार

शॉक गेले. चक्कर नाही.

शौकतच्या बागेत दहा पीपीएम स्वतःच्या हाताने मोजून टाकीत घातलं. त्याने मुद्दाम विचारलं, “चाळीस ना, भाऊ?” रोशनबीने त्याला आतून दम दिला.

ही अजून दिशाच्या खोलीत. मी काही म्हटलं नाही. काय म्हणायचं, हे कळत नाही. आणि म्हणायला गेलो तर ‘चार्जर’ असंच तोंडातून निघेल, अशी भीती वाटते.


७ डिसेंबर, रविवार

दुपारी जेवण झाल्यावर ही या खोलीत आली. गिऱ्हाईक नव्हतं, बॉक्सही नव्हता. पलंगाच्या कडेला बसली. “ते तुमच्या गोळ्यांचं मला नीट सांगा. त्या बाई काय बोलल्या, मला काही कळलं नाही.”

आजवर हिने मला फवारणीचंसुद्धा कधी विचारलं नव्हतं. मी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. एका पेशीतून सुटतं, पुढच्या पेशीला निरोप देतं आणि मागे खेचून घेतलं जातं. ही औषधं ते खेचणं अडवतात, म्हणजे रसायन मध्ये जास्त वेळ टिकतं. टिकलं की मन हलकं होतं आणि ते दुसरंही लांबतं. ही आडवी झाली. म्हणाली, पाठ भरलीय, ऐकतेय मी.

“म्हणजे एकाच गोळीनं दोन्ही?”

“होय. पण त्यातलं कुठलं कशानं झालं, हे माझ्या बाबतीत सिद्ध करता येणार नाही.”

“नका करू.”

मी पॅरोक्सेटिन सांगितलं, फ्लुओक्सेटिन शरीरात किती रेंगाळतं ते सांगितलं, डॅपॉक्सेटिन का लवकर जातं ते सांगितलं. सर्ट्रालिनला आलो, तोवर तिचे डोळे मिटलेले. डोकं माझ्या दंडावर. दंडाला मुंग्या आल्या. मी बोलायचा थांबलो, झोपू द्यावं म्हणून.

डोळे न उघडता म्हणाली, “बोला ना.”

सर्ट्रालिन पूर्ण केलं. क्लोमिप्रामिन राहिलं होतं, तेही सांगितलं. त्यापुढची औषधं मी अभ्यासलेली नाहीत आणि न अभ्यासलेलं मी बोलत नाही. पण थांबलो की तिचा हात हलायचा. म्हणून, दुसरं काही नव्हतं, म्हणून कंपनीचं सांगायला घेतलं. त्या फेब्रुवारीत पॅकहाऊसमध्ये सगळ्यांसमोर तो मॅनेजर काय म्हणाला. मी ‘ठीक आहे’ म्हटल्यावर मागे कोण हसलं. नंतर मी मोटारसायकलवर किती वेळ नुसता बसून होतो आणि घरी येऊन जेवलो कसा.

ती ऐकत होती की झोपली होती, ते समजलं नाही. विचारलं नाही.

सांगताना दोनदा थांबावं लागलं. तोंडाला कोरड पडणं हा सर्ट्रालिनचा ज्ञात परिणाम आहे.